महापालिकेत कंत्राटी कामगारांचा पगार वाढणार म्हणतायत, तर हातात नक्की किती पडणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सांगतो, मी वकील नाही. बँकेतून रिटायर झालोय, आकडे बघायची सवय सुटत नाही म्हणून दर रविवारी सकाळी युनियनच्या खोलीत बसून सफाईवाल्या, घंटागाडीवाल्या, पाणीखात्यातल्या लोकांच्या पगाराच्या स्लिपा बघून देतो. जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या, प्रशासक गेले, नगरसेवक आले, आणि आमच्याकडे "कंत्राटी कामगारांचं किमान वेतन वाढवा" हा विषय परत सभेत यायला लागला. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

किमान वेतन ठरवतं कोण, महापालिका का सरकार?

सरकार. राज्य सरकारचा कामगार विभाग अधिसूचना काढतो. ग्रामपंचायती सोडून बाकी स्थानिक संस्थांसाठी, म्हणजे महापालिका-नगरपालिकांसाठी, आपल्या राज्यात वेगळी अधिसूचना आहे, २४ फेब्रुवारी २०१५ ची. युनियनवाले भाषणात "चोवीस फेब्रुवारी" म्हणतात ती हीच. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन गट आणि शहर केवढं त्यावरून परिमंडळं. झाडणारी ताई अकुशलमध्ये, गाडीचा ड्रायव्हर कुशलमध्ये. (पावसात चेंबरवरचा गाळ काढणं "अकुशल" कसं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही, पण ते असो.) ही अधिसूचना निघाल्यावरसुद्धा बऱ्याच महापालिकांनी ती लगेच लावली नाही, आणि मग "फरक द्या, फरक द्या" (म्हणजे कमी दिलेले पैसे द्या) म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे निघाले.

मग महापालिकेच्या सभेत ठराव करून काय होणार? उगाच टाळ्या घ्यायला?

अगदी तसं नाही. किमान म्हणजे त्याच्या खाली जायचं नाही एवढंच, वर जायला कुणी हात धरलेला नाही. महापालिका ठरवू शकते की आमच्या कंत्राटात माणसाला सरकारी किमानपेक्षा अमुक इतकं जास्त मिळालंच पाहिजे. पण ठराव झाला म्हणजे पैसे आले असं होत नाही, बजेटमध्ये त्याची तरतूद लागते, आयुक्तांनी ते निविदेत उतरवावं लागतं, मग स्थायी समितीत मंजुरी, आणि वर राज्य सरकारला महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली ठराव निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करायचा अधिकार आहेच. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, ठरावाचा फोटो स्टेटसला ठेवा, हरकत नाही, पण वाचायची ती निविदा वाचा. पगार तिथे ठरतो.

हा किमानचा आकडा येतो तरी कुठून? आमचं तर घरभाडंच त्यातून निघत नाही.

१९५७ मध्ये भारतीय श्रम परिषदेचं १५ वं अधिवेशन झालं, त्यात हिशेबाची रीत ठरली. एका कमावत्याच्या घरात खाणारी "तीन युनिट" धरायची, कमावता माणूस एक, जोडीदार पाऊण-एक, आणि दोन पोरं मिळून उरलेलं. दर मोठ्या माणसाला रोज २,७०० कॅलरी, घराला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि जळण-दिवाबत्ती-किरकोळ धरून २० टक्के. पुढे १९९१ मध्ये रॅप्टाकोस ब्रेट केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलांचं शिक्षण, दवाखाना, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यासाठी आणखी २५ टक्के धरा.

आता यात म्हातारे सासू-सासरे कुठे बसतात? कुठेच नाही, त्या तीन युनिटमध्ये ते धरलेलेच नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणी सासूला सांभाळतात.

जानेवारी आणि जुलैला पगार थोडा वाढतो म्हणे, आम्हाला तर कधी वाढलेला दिसला नाही?

तो विशेष भत्ता. किमान वेतनाचे दोन तुकडे असतात, मूळ वेतन आणि विशेष भत्ता. मूळ वेतन बरीच वर्षं तेच राहतं (पाच वर्षांच्या आत त्याचा फेरविचार व्हावा असं कायदा म्हणतो), पण विशेष भत्ता महागाई निर्देशांकावर चालतो आणि दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. तुम्हाला दिसत नाही कारण कंत्राट तीन वर्षांचं असतं आणि भत्ता वाढला की कंत्राटदाराला वाढीव पैसे मिळतील असं कलम काही कंत्राटात नसतंच, किंवा असतं पण तो बिल लावून पैसे घेतो आणि खाली देत नाही. यातलं नक्की काय चाललंय ते करारनामा बघितल्याशिवाय कळत नाही.

स्लिपवर नक्की काय बघायचं?

लोक आधी रेट बघतात. रेट बरोबर असतो हो, आजकाल रेटमध्ये कोणी खात नाही, ते लगेच पकडलं जातं. दिवस बघा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक ताई आल्या, झाडणकामाला आहेत, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात स्लिपची चौघडी घालून आणलेली. मी बघितलं, मूळ बरोबर, भत्ता बरोबर, पीएफ बरोबर. म्हटलं ताई सगळं ठीक आहे. त्या उठल्या पण नाहीत. म्हणाल्या, "मग पैसे कमी का?" आणि पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, खिळ्याचं भोक पडलेलं. त्यांची मुलगी सातवीत आहे, आई पहाटे कामावर गेली की ती त्या तारखेवर हिरव्या स्केचपेनने टिक करते. मोजल्या, २६ टिका. स्लिपवर हजर दिवस २१.

हिशेब सोपा पडावा म्हणून महिन्याचं मूळ आणि भत्ता मिळून १८,००० धरू. महिन्याचा रेट २६ ने भागतात, म्हणजे दिवसाचे ६९२. पाच दिवस गेले म्हणजे जवळपास साडेतीन हजार गेले, आणि कागद मात्र एकदम कायदेशीर. मुकादमाला विचारलं तर म्हणतो हजेरी मी २६ च दिली होती, कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिंग मिस्टेक झाली असेल. पाच दिवसांची टायपिंग मिस्टेक, आणि त्याच कोठीवर (सफाईवाल्यांची हजेरी लागते ती जागा) तशाच आणखी अकरा जणांची.

दिवस झाले की कपात बघा. तुमचा पीएफ १२ टक्के, आणि बहुतेक ठिकाणी तो १५,००० वरच काढतात म्हणजे १,८०० रुपये. ईएसआय, म्हणजे कामगारांचा दवाखान्याचा विमा, ०.७५ टक्के. पुरुषांचा व्यवसायकर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. बायकांना महिना २५,००० पर्यंत व्यवसायकर नाहीच, १ एप्रिल २०२३ पासून, तरी बायकांच्या स्लिपवर २०० कापलेले मी दर महिन्याला बघतो. गमबूट, हातमोजे, रेनकोट, गणवेश याचे पैसे कापले असतील तर विचारा कशाबद्दल, ते द्यायचं काम कंत्राटदाराचं आहे.

कंत्राटदार म्हणतो टेंडरच कमी रेटचं आहे, मी कुठून देऊ? खरं बोलतो का तो?

गंमत म्हणजे खरं बोलतो. पण ते टेंडर भरलं कोणी?

हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. रस्त्याच्या कामात कंत्राटदार २० टक्के कमीने भरतो तेव्हा तो म्हणू शकतो की मला खडी स्वस्त मिळते, माझी मशीन माझीच आहे. माणसं पुरवायच्या कामात खडी नाही, डांबर नाही, माणूसच आहे, आणि माणसाचा रेट सरकारने बांधलेला आहे. वरचंच उदाहरण घ्या. पगार १८,०००. घरभाडं भत्ता ५ टक्के म्हणजे ९००. मालकाचा पीएफ, विमा आणि प्रशासन खर्च धरून १५,००० वर १३ टक्के, १,९५०. मालकाचा ईएसआय ३.२५ टक्के, ६१४. बोनस ८.३३ टक्के, म्हणजे दीड हजार. बेरीज जवळजवळ २३,०००. यात बूट-मोजे नाहीत, रजेवर गेलेल्याच्या जागी बदली माणूस नाही. यावर कंत्राटदाराचा नफा आणि देखरेख म्हणून १० टक्के धरले तर माणशी २५,३००, असा महापालिकेचा अंदाज निघाला असं समजू.

आता एकाने २० टक्के कमीने भरलं. ५,०६० कमी झाले, राहिले २०,२४०. कायद्याने खर्च तर २३,००० आहे. माणशी २,७०० रुपयांचा खड्डा, ५०० माणसं असतील तर महिन्याला साडेतेरा लाखांच्या वर, आणि हे नफा शून्य धरून. कोणी घरचे पैसे घालून शहर झाडत नाही ना. मग तो खड्डा कसा भरतो? ताईंचे पाच दिवस आठवा. नाहीतर पीएफ अर्ध्याच लोकांचा भरायचा, नाहीतर कागदावर ५०० आणि रस्त्यावर ४००, उरलेल्या शंभरांचं काम बाकीच्यांनी ओढायचं. आणि हा आकडेमोडीचा प्रकार पाचवीतल्या पोरालाही कळेल, तरी ती निविदा उघडताना टेबलाभोवती बसलेल्या एकालाही कळत नाही.

मग सगळ्यात कमीवाल्याला काम देऊच नये का?

द्या की, पण कमी फक्त नफ्यात करू द्या. पगार, पीएफ, ईएसआय, बोनस हे आकडे निविदेत छापून बांधून टाकायचे आणि स्पर्धा फक्त सर्व्हिस चार्जवर लावायची. आणि त्या चार्जलाही खालची मर्यादा हवी, कारण अर्धा टक्का सर्व्हिस चार्ज घेऊन पाचशे माणसं सांभाळतो म्हणणारा कुठेतरी दुसरीकडे खाणार हे उघड आहे. सभेत ठराव करायचाच असेल तर नगरसेवकांनी हा करावा, रकमेचा नंतर करा.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहराच्या कौन्सिलने १९९४ मध्ये नेमकं हेच पकडलं होतं, शहराचं काम घ्यायचं असेल तर कामगाराला ठरलेल्या रेटच्या खाली देता येणार नाही, अशी अट कंत्राटदारांना घातली. देशाचा किमान पगार बदलायचा अधिकार त्या कौन्सिलला नव्हता, पण कंत्राट तर त्यांचंच होतं.

कंत्राटदार पळून गेला, तीन महिने पगार नाही. महापालिका म्हणते आमचा संबंध नाही.

संबंध आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कलम २१(४) मध्ये सरळ होतं की कंत्राटदाराने दिलं नाही तर मुख्य मालकाने द्यायचं आणि नंतर त्याच्या बिलातून वसूल करायचं. नवीन कामगार संहितेतही (लेबर कोड म्हणतात तो) ही जबाबदारी राहिलीय. अनामत रक्कम घेतलेली असते ती कशाला? अर्ज देताना कंत्राटदार आणि महापालिका दोघांना पार्टी करा, एकट्या कंत्राटदाराच्या नावाने देऊ नका, त्याचा पत्ता पुढच्या वर्षी बदललेला असतो.

मी कामगार नाही, नागरिक आहे. शेवटी प्रॉपर्टी टॅक्स माझाच वाढणार ना?

प्रश्न रास्त आहे, यात लाजण्यासारखं काही नाही. एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणि जकात गेल्यापासून महापालिकांची मोठी कमाई म्हणजे जीएसटीची भरपाई, मालमत्ता कर आणि बांधकाम परवानग्या, त्यामुळे नवीन खर्च आला की कोणाच्यातरी खिशाकडे बोट जातंच. पण एक बघा, किमान वेतन देणं हा वाढीव खर्च नाही, ते आत्ताच देणं लागतं. अंदाजपत्रकात ते पैसे बऱ्याचदा धरलेले असतात, म्हणजे तुमच्या करातून गेलेलेच आहेत, फक्त ताईपर्यंत पोचलेले नाहीत. किमानपेक्षा वर दिलं तर खरंच खर्च वाढेल, आणि तो किती ते आयुक्तांनी सभेत लेखी सांगायला हवं, कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पण ते मागायला हवं. माझं स्वतःचं मत विचाराल तर वाढवावा. पण जिथे पहिलंच पोचत नाही तिथे वाढवलेलं कुठे पोचणार.

शेजारी कायम कामगार आहे, तोच रस्ता झाडतो, त्याला माझ्या दुप्पट. का?

कारण तो सातव्या वेतन आयोगात आहे. राज्याच्या सगळ्यात खालच्या श्रेणीचं सुरुवातीचं मूळच १५,०००, वर महागाई भत्ता, घरभाडं, वर्षाला वेतनवाढ, आणि सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे नोकरी. तुम्हाला वीस वर्षं झाली तरी तोच अकुशलचा रेट, कालच्या पोराचा आणि तुमचा एकच. "समान काम समान वेतन" सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये जगजित सिंग केसमध्ये तात्पुरत्या कर्मचाऱ्यांसाठी मान्य केलंय, पण ते सरकारने स्वतः नेमलेल्या लोकांचं प्रकरण होतं, कंत्राटदारामार्फत आलेल्याला ते आपोआप लागत नाही, भांडावं लागतं.

आणि कायम का करत नाहीत? त्याचं एक कारण म्हणजे ३५ टक्के. आस्थापना खर्च, म्हणजे कायम नोकरांच्या पगाराबिगाराचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर गेला की सरकार भरतीला परवानगी देत नाही. कायम माणसाचा पगार आस्थापनेत मोजतात, कंत्राटदाराचं बिल मोजत नाहीत. तेच शहर, तोच कचरा, पण वेगळ्या रकान्यात लिहिला की मर्यादेत बसतो. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे कंत्राटच खोटं आहे, नावापुरतं आहे, असं कोर्टात मांडलं आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात २,७०० कामगार कायम करायचा निर्णय मिळवला. पण वर्षं किती गेली, आणि त्यात किती जण म्हातारे झाले, काही गेलेही.

पगार बँकेत पूर्ण येतो, पण दुसऱ्या दिवशी मुकादम दोन हजार परत मागतो. कागदावर तर काहीच नाही.

हे सगळ्यात अवघड. काही ठिकाणी एटीएम कार्डच काढून घेतात. कार्ड देऊ नका, दिलं असेल तर बँकेत जाऊन ब्लॉक करा आणि नवीन घ्या, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पैसे रोख देऊ नका, "ऑनलाइन पाठवते दादा" म्हणा. तो ऑनलाइन घेणार नाही. एकटीने बोलू नका, कोठीवरच्या पाच-सहा जणींनी मिळून लेखी द्या. सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमीत काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी. मुकादमाला हे वाचून दाखवून उपयोग नाही, अर्जात लिहा.

आशाताई, अंगणवाडी ताई यांना लागू आहे का?

नाही. त्यांना मानधन आणि मोबदला मिळतो, सरकार त्यांना कामगारच मानत नाही. त्यांचं भांडण वेगळं आहे आणि आपल्यापेक्षा अवघड आहे.

पुण्यातल्या "स्वच्छ"च्या लोकांना?

त्यांनाही नाही, पण कारण वेगळं. ती कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, महापालिकेशी करार, आणि त्यांचं उत्पन्न घराघरातून मिळणाऱ्या महिन्याच्या पैशांवर आणि भंगार विकून. तुम्ही महिन्याचे पैसे द्यायला टाळाटाळ केलीत तर तो सरळ त्यांचा पगार कापला जातो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

नवीन लेबर कोड आला, आता जुनं सगळं रद्द?

चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात. १९४८ चा किमान वेतन कायदा वेतन संहितेत गेला, पण जुन्या कायद्याखालच्या अधिसूचना नवीन येईपर्यंत चालू राहतात, तेव्हा कोणी "चोवीस फेब्रुवारी संपलं" म्हणत असेल तर ऐकू नका. कामाचे बदल दोन. केंद्र सरकार एक तळाचा रेट ठरवणार, राज्याला त्याच्या खाली जाता येणार नाही. आणि थकबाकीचा दावा पूर्वी सहा महिन्यांत करावा लागायचा, आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. आमच्या कामाचं सगळ्यात मोठं हेच आहे, कारण माणूस सहा महिने तर घाबरण्यातच घालवतो. दंडही वाढलाय, पूर्वी पाचशे रुपये होता (हसू नका, खरंच पाचशे), आता ५०,००० पर्यंत.

तक्रार कुठे करायची?

कामगार उपायुक्त किंवा सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात, जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. फरकाची रक्कम मिळतेच, वर दहापटीपर्यंत भरपाई द्यायचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे, अर्थात दहापट मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याच्या आधी माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा स्टँप, तीस दिवस. तीन गोष्टी मागा, कंत्राटाचा करारनामा, तुमच्या कोठीचं हजेरीपत्रक, आणि बिलासोबत जोडलेली पीएफची चलनं नावांच्या यादीसकट. यादीत तुमचं नाव नसलं तर सगळा खेळ तिथेच उघडा पडतो. पीएफ तुम्ही स्वतःही बघू शकता, यूएएन नंबर (पीएफचा तुमचा स्वतःचा नंबर) टाकून सरकारच्या उमंग ॲपवर, मुलांना सांगा, ती दोन मिनिटांत काढून देतात.

तक्रार केली की कामावरून काढतील.

काढू शकतात. "उद्यापासून येऊ नको" एवढंच म्हणतात, लेखी काही देत नाहीत. म्हणून एकट्याच्या नावाने आम्ही सहसा अर्ज करतच नाही, पूर्ण कोठीचा करतो. त्या ताईंच्या वेळी बारा जणींच्या सह्या होत्या, त्यातल्या दोघींनी दुसऱ्या दिवशी येऊन आपलं नाव खोडायला सांगितलं, आम्ही खोडलं, काही बोललो नाही. दहा जणींचा अर्ज गेला. पाच महिन्यांनी फरक आला, बाराही जणींच्या खात्यात.

रविवारी येताना काय आणू?

शेवटच्या जितक्या असतील तितक्या स्लिपा, बँकेचं पासबुक भरून (एसएमएस चालत नाही, डिलिट होतात), यूएएन नंबर, ईएसआय कार्ड असेल तर ते, आणि ओळखपत्र. स्लिप देतच नसतील तर तेवढं सांगा, ती पण तक्रारच आहे. दहा ते एक. आणि घरात कोणी टिका करत असेल तर ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन या.